पाटीवरचे नाव आणि कीर्दीतली नोंद

जुन्या ग्रंथालयाचा किंवा संशोधनसंस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला, की मी तो शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. अध्यक्षांचे मनोगत, कार्यवाहांचे निवेदन आणि वर्षभरातल्या व्याख्यानांची जंत्री सुरुवातीला असते, आणि ती बहुतेक संस्थांमध्ये थोड्याफार फरकाने सारखीच असते. संस्थेचा स्वभाव कळतो तो मागच्या पानांवर, जिथे जमाखर्च आणि ताळेबंद छापलेले असतात आणि बारीक टाइपात देणगीदारांची यादी दिलेली असते. कोणी इमारतीसाठी दिले आणि कोणी कपाटासाठी, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ दिले आणि कोणी नाव न सांगता ‘एक हितचिंतक’ म्हणून दिले, कोणत्या वर्षी यादी लांबली आणि कोणत्या वर्षी ती चार ओळींवर आली, हे पाहत गेले की त्या गावाचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. हा इतिहास दुसरीकडे कुठेच लिहिलेला नसतो.

आपण पंडितांची चरित्रे लिहिली, संस्थांचे सुवर्णमहोत्सवी आणि शतकमहोत्सवी ग्रंथ काढले, पण कोश, पाठचिकित्सा (निरनिराळ्या पोथ्यांतले पाठ ताडून मूळ पाठ ठरवणे), बखरींचे संपादन, पोथ्यांचा संग्रह आणि सार्वजनिक वाचनालये ज्या पैशावर उभी राहिली, त्या पैशाचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. तो लिहायचा तर साधने कोणती? देणगीची पत्रे, त्यांना दिलेली उत्तरे, कार्यकारी मंडळाची इतिवृत्ते, कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही आणि खतावणी म्हणजे खातेवार नोंदींची वही, पावती पुस्तकांची स्थळप्रत म्हणजे संस्थेकडे राहणारी प्रत, हिशेबतपासनिसांचे शेरे. ही सारी साधने दिसायला अगदी रूक्ष आहेत, आणि म्हणूनच ती सर्वांत आधी रद्दीत जातात. दिवाणखान्यातले देणगीदाराचे तैलचित्र आणि दारावरची संगमरवरी पाटी मात्र जागच्या जागी राहते. पाटी सांगते ते खरेच असते, पण ती फार थोडे सांगते.

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचेच उदाहरण घेऊ. राजाबाई टॉवर सर्वांना ठाऊक आहे, आणि राजाबाई ही प्रेमचंद रायचंद यांची आई होती हेही बहुतेकांना ठाऊक असते. प्रेमचंदांनी ऑगस्ट १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्यात मोठे घड्याळ आणि घंटांचा संच असावा आणि त्याला आपल्या आईचे नाव द्यावे, अशी इच्छा त्यांनी कळवली. या दोन देणग्या वेगवेगळ्या आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण आज लोकांच्या बोलण्यात मनोरा उरला आहे आणि ज्यासाठी पहिली रक्कम आली ते ग्रंथालय मागे पडले आहे. देणगीच्या क्रमात मात्र पुस्तके आधी आहेत आणि घड्याळ नंतर. हा क्रम पाटीवरून कळत नाही. त्यासाठी पत्रांच्या तारखा पाहाव्या लागतात.

त्या तारखा आणखीही काही सांगतात. १८६४ हे मुंबईतल्या शेअरबाजाराच्या उन्मादाचे वर्ष होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, इथल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले होते आणि त्या पैशावर मुंबईत रोज नव्या कंपन्या निघत होत्या. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत शहरातल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदही त्यात होरपळले. देणगी मात्र टिकली, कारण ती त्यांच्या हातून आधीच सुटलेली होती. १८६९ मध्ये कोनशिला बसली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला, म्हणजे देण्याच्या क्षणापासून काम पुरे होईपर्यंत चौदा वर्षे गेली. पत्र एखादे वर्ष उशिरा लिहिले गेले असते तर ओव्हल मैदानाच्या कडेला आज काय उभे असते, हा विचार मला ती इमारत पाहताना नेहमी येतो.

कापसाच्या सट्ट्यातून ग्रंथालय उभे राहते, तसे त्या काळातल्या मुंबईतल्या बऱ्याच दानामागे चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचाही पैसा होता. हे सांगताना देणाऱ्यांचा मोठेपणा कमी करण्याचा माझा हेतू नाही. पैसा कुठून आला, हा प्रश्न विचारल्याशिवाय दानाचा इतिहास पुरा होत नाही, आणि त्याचे उत्तर अभिनंदनपर भाषणांत सापडत नाही, ते हिशेबाच्या वहीत सापडते, इतकेच मला म्हणायचे आहे.

पुण्यात याहून जुना आणि याहून गुंतागुंतीचा धागा आहे तो दक्षिणेचा. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आली, आणि पेशवाईत ती राज्याच्या खर्चातली एक मोठी बाब होऊन बसली. १८१८ नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. त्यातल्याच पैशाचा काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि पुण्यातले काही तरुण यांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतली काही रक्कम देशी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावी. त्या अर्जावरून शहरात मोठा गदारोळ झाला, पण १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीचे काम सुरू झाले आणि मराठी ग्रंथलेखनाला प्रथमच एक स्थिर आर्थिक आधार मिळाला. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले, आणि संस्कृतचे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी एक होते. धर्मासाठी दिलेले दान भाषेच्या आणि विद्येच्या वाटेला कसे लागले, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

पण ज्यांना मिळाले त्यांचीच नोंद वाचून भागत नाही. याच निधीतून जोतीराव फुल्यांच्या शाळांना मदत मिळाली, आणि याच कमिटीने १८५५ मध्ये फुल्यांनी लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक नाकारले. नाकारले गेल्याची हकीकत फुल्यांनी स्वतः लिहून ठेवली म्हणून ती आपल्याला कळते. असे आणखी किती लेखक आपले हस्तलिखित घेऊन गेले असतील आणि रिकाम्या हाताने परतले असतील? त्यांतल्या बहुतेकांनी काही लिहून ठेवलेले नाही. मंजुरीच्या पत्रांपेक्षा नकाराची पत्रे मला म्हणूनच अधिक मोलाची वाटतात. विद्येला आश्रय देणाऱ्यांच्या मनात विद्या म्हणजे काय होते, त्यात कोणाला जागा होती आणि कोणाला नव्हती, हे मंजुरीपेक्षा नकारातून जास्त उघड होते. दुर्दैवाने नकाराची स्थळप्रत जपून ठेवण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

आता ज्या कामाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी झाली. पुढच्याच वर्षी, जुलै १९१८ मध्ये, तिथल्या सभेत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताची चिकित्सक आणि सचित्र आवृत्ती निघावी असा आग्रह धरला आणि त्यासाठी दरवर्षी अनुदान देत देत एकूण एक लाख रुपये पुरे करण्याचे वचन दिले. औंध संस्थान होते सुमारे पाचशे चौरस मैलांचे, साताऱ्याच्या आणि भोवतालच्या मुलुखात तुकड्यातुकड्यांनी पसरलेले, आणि त्यातला बराचसा भाग दुष्काळी. अशा संस्थानाने लाख रुपये कबूल करणे आणि बडोद्याने किंवा हैदराबादने ते करणे यांत महदंतर आहे. शिवाय बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, आवृत्तीतली चित्रे त्यांनीच काढली. पैसे देणारा माणूस त्याच ग्रंथाच्या कामाला कुंचला घेऊन बसतो, असे आपल्याकडे फार वेळा घडलेले नाही.

या आवृत्तीच्या आरंभीच्या खंडांचे शीर्षकपृष्ठ एकदा सावकाश वाचून पाहावे. ग्रंथाचे आणि संपादकाचे नाव नेहमीच्या जागी आहेच, पण त्याच पानावर आश्रयदात्यांची नामावली छापली आहे. औंधचे राजे पहिले. मग हिंदुस्थान सरकार. मग मुंबई, मद्रास आणि ब्रह्मदेश यांची प्रांतिक सरकारे. मग हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, भावनगर, फलटण ही संस्थाने. मग मुंबई विद्यापीठ, आणि शेवटी ‘इतर देणगीदार’. एरवीच्या राजकारणात जी नावे एका ओळीत कधी आली नसती, ती इथे एका ग्रंथाखाली एकत्र आली आहेत. निजामाच्या नावाचे अतिथिगृह संस्थेच्या आवारात आहे, टाटांच्या देणगीतून इमारतीला हातभार लागला आहे. महाभारत ही कोणा एका प्रांताची, एका धर्माची किंवा एका सत्तेची मालमत्ता आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पान जरूर पाहावे. त्यातल्या फलटणसारख्या छोट्या संस्थानाचे नाव पाहून मला विशेष आनंद होतो, आणि ब्रह्मदेशाचे नाव पाहून दरवेळी कुतूहल वाटते. रंगूनच्या कोणत्या कचेरीत, कोणत्या अधिकाऱ्याच्या टिपणीवर ते अनुदान मंजूर झाले असेल? तिथल्या दप्तरात ती फाइल असली तर तिचे वाचन हा एका स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

या नामावलीच्या मागे जे काम उभे आहे त्याचे स्वरूप पाहिले, की पैसा नेमका कशाला लागत होता ते कळते. १ एप्रिल १९१९ रोजी कामाचा मुहूर्त झाला. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये प्रधान संपादकपद हाती घेतले आणि त्यांनी कामाला शिस्त लावली. देशभरातून पोथ्या मागवायच्या, आणि ज्या पुण्याला येणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी शांतिनिकेतनला आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पाठ मेळवण्याची सोय करायची. एकेका श्लोकासाठी चौकटी आखलेला एकेक कागद असे. त्यावर वर प्रचलित पाठ एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहिलेला, आणि खाली एकेका पोथीतला फरक नेमका त्या त्या अक्षराच्या रकान्यात. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम आणि देवनागरी अशा लिप्या वाचणारे शास्त्री दिवसचे दिवस हे कागद भरत असत. त्यांचे पगार, कागद, शाई, पोथ्यांच्या ने-आणीचा खर्च आणि छपाई हे सगळे वर्षानुवर्षे चालू ठेवायचे होते. कोनशिला बसवायला एकदाच पैसे लागतात. पाठ मेळवणाऱ्या शास्त्र्यांना दर महिन्याच्या एक तारखेला पैसे लागतात.

बाळासाहेबांनी एकरकमी देणगी न देता वार्षिक अनुदान कबूल केले, याचे महत्त्व मला इथे जाणवते. मानव्यविद्यांचे काम सावकाश चालते, आणि सावकाश चालणाऱ्या कामाला थोडा पण न चुकता येणारा पैसा लागतो. पहिला भाग १९२७ मध्ये निघाला, आदिपर्व पुरे व्हायला १९३३ उजाडले. सुकथनकर २१ जानेवारी १९४३ रोजी गेले, तेव्हा बरीच पर्वे बाकी होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याची सांगता झाली. एकूण १,२५९ हस्तलिखितांचा या कामात विचार झाला. दरम्यान एक साम्राज्य गेले, ब्रह्मदेश वेगळा झाला, आणि १९४८ मध्ये औंध, फलटण आणि त्यांच्यासारखी सारी संस्थाने विलीन झाली. शीर्षकपृष्ठावरचे निम्म्याहून अधिक आश्रयदाते काम पुरे होण्याच्या आतच नाहीसे झाले. प्रत्येक नाव नाहीसे होताना त्याच्या वाट्याचे अनुदान कोणी उचलले असेल, कोणाला किती पत्रे लिहावी लागली असतील, किती वेळा ‘या वर्षी शक्य नाही’ असे उत्तर आले असेल! सुकथनकरांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण संपादकाला जे आर्जवाचे दुसरे काम करावे लागते, त्याची गणना आपण विद्याकार्यात करत नाही, आणि म्हणूनच त्या कामाची कागदपत्रे आपण विद्येची कागदपत्रे म्हणून जपत नाही.

वार्षिक खर्चाची ही जाण बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना फार चांगली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यात ग्रंथालयांची यंत्रणा उभी केली. स्वतःचा खाजगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. खेड्यातल्या वाचनालयासाठी नियम असा होता, की गावकऱ्यांनी जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच भर प्रांताच्या पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने. राजाकडे पैसा कमी नव्हता. तरीही गावाच्या खिशातून काहीतरी निघाल्याशिवाय वाचनालय गावाचे होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

जवळजवळ त्याच काळात समुद्रापलीकडे अँड्रयू कार्नेगी हाच विचार फार मोठ्या प्रमाणावर राबवत होते. १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन या त्यांच्या जन्मगावी पहिले ग्रंथालय झाले, आणि पुढे जगभर मिळून २,५०९ ग्रंथालये त्यांच्या पैशावर उभी राहिली. अट एकच होती. गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालयाच्या खर्चासाठी करातून बाजूला ठेवण्याची हमी द्यावी. दहा हजार डॉलर हवे असतील तर दरवर्षी एक हजार. हा सगळा व्यवहार जेम्स बर्ट्रम हे चिटणीस पत्रांवर चालवत. अर्ज करणाऱ्या गावाला ते प्रश्नांची छापील यादी पाठवत. लोकसंख्या किती, आता ग्रंथालय आहे का, पुस्तके किती, गेल्या वर्षी घरी किती दिली, जागा मिळाली का, दरवर्षी किती देणार. हा पत्रव्यवहार आज न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात आहे, आणि अमेरिकेतल्या लहान लहान गावांचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्याचा आधार घ्यावा लागतो. एखाद्या गावाने आपल्याविषयी स्वतः काय लिहिले, किती फुगवून लिहिले आणि बर्ट्रमनी त्यावर काय विचारले, हे सगळे त्यात आहे. देणगी न मिळालेल्या गावांचीही पत्रे तिथे आहेत. दक्षिणा कमिटीच्या नकारांविषयी मी जे वर लिहिले, ते त्या गावांच्या बाबतीत निदान कोणाला तरी तपासून पाहता येते.

दप्तर जपण्याच्या या सवयीचा आपल्याशी थेट संबंधही आहे. १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजमध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने भाषाविज्ञानाचे वर्ग सुरू झाले. देशभरातले तरुण अभ्यासक उन्हाळ्यात तिथे येत, परदेशी आणि देशी भाषावैज्ञानिक त्यांना शिकवत, आणि भारतातल्या आधुनिक भाषाविज्ञानाची एक अख्खी पिढी त्यातून तयार झाली. त्याला आर्थिक साहाय्य होते रॉकफेलर फाउंडेशनचे. या फाउंडेशनची कागदपत्रे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या परिसरात स्लीपी हॉलो इथल्या रॉकफेलर अर्काइव्ह सेंटरमध्ये ठेवलेली आहेत. हे केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. फाउंडेशनचे अधिकारी दौऱ्यावर असताना भेटीगाठींच्या रोजनिशा लिहीत, कोण भेटले, काय बोलणे झाले, मत काय झाले, आणि त्या रोजनिशाही तिथे आहेत. म्हणजे येरवड्याजवळच्या त्या आवारात काय ठरले, याची एक बाजू वाचायला पुण्याच्या अभ्यासकाला अमेरिकेचे तिकीट काढावे लागते. हे मला खुपते, पण त्याबद्दल तिकडच्यांना बोल लावता येत नाही. त्यांनी आपल्या बाजूची कागदपत्रे जपली. पत्रव्यवहाराला दोन टोके असतात, आणि आपल्या टोकाचे काय झाले हे विचारायचे ते आपल्यालाच.

आपल्याकडे काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९१ मध्ये स्थापन झालेले टाटा सेंट्रल अर्काइव्हज आज पुण्यात आहे आणि तिथे टाटा घराण्याच्या न्यासांशी संबंधित कागदपत्रांची व्यवस्थित जपणूक होते. सर रतन टाटा यांनी १९१३ पासून पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा पुरवला आणि पुरातत्त्वज्ञ स्पूनर यांच्या हाताखाली पाटण्यातल्या कुम्राहारला मौर्यकालीन स्तंभमंडपाचे अवशेष निघाले. खाजगी पैशावर पुरातत्त्वाचे इतके मोठे काम त्याआधी या देशात झाले नव्हते. अशा देणग्यांचा मागोवा घेता येतो, कारण देणाऱ्याकडे दप्तर होते. माझी काळजी आहे ती घेणाऱ्यांच्या दप्तराची, आणि त्यातही लहान संस्थांच्या.

महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी वाचनालये थोडीथोडकी नाहीत. रत्नागिरीचे १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. त्यांच्या मागोमाग तालुक्याच्या गावांत निघालेली, नाव न झालेली कितीतरी आहेत. अशाच एका तालुक्याच्या वाचनालयात मला माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या कीर्दी पाहायला मिळाल्या. लाल खारव्याच्या बांधणीच्या, लांबट, कडांना कसर लागलेल्या. शाई तपकिरी झाली होती पण अक्षर स्वच्छ होते. उजवीकडे नावे, म्हणजे खर्च: दिवाबत्तीचे घासलेट, केरसुणी, शिपायाचा पगार, ‘केसरी’ची वर्गणी, पुस्तकबांधणीची खळ आणि पुठ्ठा. डावीकडे जमा: सभासदांची वर्गणी आण्यांत, आणि मध्येच देणग्या. एका व्यापाऱ्याने भिंतीवरचे घड्याळ दिले, त्याची अंदाजे किंमत धरून जमा केली होती. एका वकिलाच्या पत्नीने पतीच्या पश्चात त्यांची पुस्तके दिली, त्यांची यादी वेगळ्या कागदावर जोडलेली, आणि त्या यादीत कायद्याच्या पुस्तकांच्या बरोबरीने नाटके आणि एक पाकशास्त्राचे पुस्तक. शाळामास्तरांनी पगारातून दिलेले आठ आणे दर महिन्याला न चुकता जमा झाले होते, आणि मग एका महिन्यापासून ती ओळ येणे थांबले होते. बदली झाली, की परिस्थिती बिघडली, की माणूस गेला, याचा काही खुलासा नव्हता.

त्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर इमारतीसाठी मोठी रक्कम देणाऱ्या दोघांची नावे कोरलेली आहेत, आणि ती तिथे असायलाच हवीत. पण ज्या वर्षांत छप्पर गळत होते आणि सभासद गळत होते, त्या वर्षांत दारे उघडी ठेवली ती या आठ आण्यांनी. मास्तरांचे नाव कुठल्याही पाटीवर नाही. ते फक्त त्या कीर्दीत आहे. ती कीर्द गेली तर ते नाव जगातून जाईल.

अशा वह्या का जातात, याची कारणे साधी आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये आला, वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे सरकारी अनुदान मिळू लागले, आणि हिशेब ठेवायचा तो अनुदानाच्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या तपासणीपुरता, अशी पद्धत पडली. तपासणी झाली, शिक्का बसला, काही वर्षे गेली, की वह्या अडगळ होतात. नवे कपाट येते, जागा हवी असते, आणि ग्रंथपालाला विचारले तर तो म्हणतो, या काय पुस्तके आहेत का? त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबरच आहे. दाखल अंक पुस्तकावर असतो, कीर्दीवर नसतो. ज्या वस्तूला दाखल अंक नाही तिची ग्रंथालयाच्या लेखी गणनाच होत नाही. दुर्मिळ पुस्तकांचे स्कॅनिंग आता बऱ्याच ठिकाणी होते आणि त्याचे स्वागतच आहे, पण त्या यादीत संस्थेचे स्वतःचे अहवाल आणि इतिवृत्ते क्वचितच असतात.

करायचे काम फार अवघड नाही आणि फार खर्चाचेही नाही. जुन्या कीर्दी, खतावण्या, इतिवृत्ताच्या वह्या आणि देणगीच्या पत्रव्यवहाराच्या फायली यांना एक साधी नोंदवही करून अंक द्यावेत. त्या पत्र्याच्या ट्रंकेतून काढून, झटकून, धुतलेल्या सुती कापडात बांधून लोखंडी कपाटात ठेवाव्यात, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, कारण आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. वर्षांचा क्रम लावला की मध्ये कोणती वर्षे नाहीत ते कळते. वर सांगितलेल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने आता तसा ठराव केला आहे, आणि यादीचे काम तिथल्या दोन निवृत्त शिक्षिकांनी अंगावर घेतले आहे. छापील वार्षिक अहवालांचे बरेच अंक मात्र तिथे नाहीत. असे अहवाल त्या काळी सभासदांना घरपोच पाठवले जात, त्यामुळे ते कोणाच्या तरी आजोबांच्या कागदांत अजून असण्याचा संभव आहे. तुमच्या घरी एखाद्या वाचनालयाचा किंवा संशोधनसंस्थेचा जुना अहवाल, देणगीची पावती किंवा आभाराचे पत्र निघाले, तर ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्या त्या संस्थेला एकदा विचारून पाहावे, अशी कळकळीची विनंती आहे. मूळ कागद द्यायचा नसेल तर मोबाइलवर काढलेले स्वच्छ छायाचित्रही चालेल. पानाची चारही टोके आणि मागची बाजू तेवढी त्यात यायला हवी, कारण जुन्या पावत्यांवर देणगी कशासाठी दिली ते बहुधा मागच्या बाजूलाच लिहिलेले असते.